लेबनॉनमधील अन्न आणि अतिथि

मराठींत ‘मजा’ हा शब्द आबालवृद्धांच्या तोंडीं आहे. परंतु त्याचें मूळ जिभेच्या स्वादांत आहे ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. फार्सी भाषेंत ‘मझा’ म्हणजे चव. हा शब्द पूर्वेकडे हिंदुस्थानांत आला तेव्हां चवीचा अर्थ मागें पडून आनंद, गंमत असा व्यापक अर्थ त्यास प्राप्त झाला. पश्चिमेकडे तो तुर्की व अरबी भाषांत शिरला तेव्हां मात्र तो जेवणाच्या मेजावरून खालीं उतरला नाहीं. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर वसलेल्या लेबनॉन देशांत ‘मेझे’ हें एका विशिष्ट भोजनप्रकाराचें नांव आहे. पाहुणा उपाहारगृहांत बसला, कीं मुख्य जेवण येण्यापूर्वीं लहान लहान बशा त्याच्यापुढें येऊं लागतात. दहा, वीस, क्वचित् चाळीसहि. तिळाच्या मुलायम वाटणांत लिंबू व लसूण घालून घोटलेले हरभरे, म्हणजे ‘हुम्मुस’. विस्तवावर भाजून तशाच वाटणांत कालविलेलें वांग्याचें भरीत, म्हणजे ‘मुतब्बल’. फडक्यांत बांधून निथळलेल्या दह्याचा चक्का, म्हणजे ‘लब्ने’, आणि त्यावर साखरेऐवजीं ऑलिव्हचें तेल. पार्सलीचीं पानें बारीक चिरून त्यांत पुदिना, टोमॅटो, लिंबाचा रस व मूठभर गव्हाच्या कण्या मिसळून केलेली ‘तब्बूले’. चमच्याचें काम पातळ भाकरीचा तुकडा करतो, आणि सर्वांचे हात त्याच बशांकडे वळत असतात.

या भरगच्च मेजाकडे पाहून प्रवाशाची अशी समजूत होते, कीं हा देश पूर्वापार सुबत्तेचा असावा आणि परक्या माणसास पैसे घेऊन असें जेवूं घालण्याची कलाहि येथें प्राचीन काळापासून नांदत असावी. या दोन्ही समजुती इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहींत. लेबनॉनमध्यें प्रवाशास अन्न विकण्याची चाल रुळली ती मुख्यत्वें गेल्या दीडशें वर्षांत. त्यापूर्वीं अन्न एक तर घरून आणावें लागे, नाहीं तर कोणी तरी तें प्रेमानें वाढावें लागे. आणि ज्या पिढीनें उपाहारगृहांचा हा व्यवसाय उभारला, तिच्याच डोळ्यांदेखत त्या डोंगरांत माणसें अन्नावांचून मेलीं.

इ. स. १३२६ मध्यें मोरोक्कोचा प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता बालबेक या नगरास आला. पुढें हिंदुस्थानांत येऊन मुहम्मद तुघलकाच्या पदरीं काजी झाला, तोच हा. नंदुरबारच्या बाजूस त्यानें मराठे लोक पाहिले आणि त्यांच्या भात, भाजी व तिळाचें तेल या साध्या आहाराची नोंद केली, हें मराठी वाचकास मुद्दाम सांगण्याजोगें आहे. कारण अन्नाकडे त्याचें लक्ष नेहमींच असे. बालबेक येथें त्यानें तीन गोष्टी टिपल्या. पहिली, द्राक्षांचा रस आटवून केलेली काकवी, जिला तेथें ‘दिब्स’ म्हणतात. दुसरी, त्याच काकवींत पिस्ते व बदाम घालून केलेली मिठाई. आणि तिसरी, तेथील सुतारांनीं केलेले लांकडी चमचे. हे चमचे एकाच्या पोटांत दुसरा, दुसऱ्याच्या पोटांत तिसरा, असे दहा एकत्र बसत, आणि पाहणारास ते एकच वाटत. कातडी म्यानांत घालून माणूस ते कमरेस खोंवी. सोबत्यांसह जेवावयास बसला, कीं एका चमच्यांतून आणखी नऊ काढी. इब्न बतूतानें हें कारागिरीचें नवल म्हणून लिहिलें. परंतु त्यांतून त्या प्रदेशाची एक रीतिहि दिसते. वाटेवरच्या माणसास एकट्यानें जेवणें तेथें गृहीतच नव्हतें. जवळ चमचा बाळगावयाचा तो दहा जणांचा; सोबती कोण असतील हें मात्र आधीं ठाऊक नसे.

असे चमचे बाळगण्याचें कारणहि होतें. त्या काळीं आणि त्यानंतर कित्येक शतकें सीरिया व लेबनॉन येथें खाणावळ अशी नव्हतीच म्हटलें तरी चालेल. शहरांतून ‘खान’ नांवाच्या मोठमोठ्या सराया असत. मध्यें चौक, भोंवतालीं ओंवऱ्या, खालीं जनावरें व माल, वर माणसें, असा त्यांचा घाट असे. १७८३ ते १७८५ या काळांत त्या भागांत हिंडलेल्या व्हॉल्नी या फ्रेंच पंडितानें अरबी शिकण्यासाठीं लेबनॉनच्या एका मठांत कांहीं महिने मुक्काम केला होता. त्यानें १७८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनांत खानाची स्थिति स्पष्ट सांगितली आहे. रखवालदार प्रवाशास किल्ली देई व एक चटई देई; बाकी चार भिंतींखेरीज तेथें कांहीं मिळत नसे. अंथरूण, भांडीं, शिधा, सर्व ज्याचें त्यानें आणावें. बाजारांत शिजविलेलें अन्न मिळे तें मजुरांच्या व दुकानदारांच्या सोयीचें. अंतराअंतरावर पसरलेल्या डोंगरी खेड्यांत तर तेंहि नव्हतें.

तेथें प्रवाशास आधार होता तो मठांचा आणि घरांचा. दारीं आलेल्या माणसास भाकर व मीठ देणें हें त्या समाजांत केवळ सौजन्य नव्हतें, तो एक करार होता. ज्यांनीं एकत्र भाकर आणि मीठ खाल्लें त्यांच्यांत वैर उरत नाहीं, अशी तेथील समजूत आहे. मराठींतील ‘मिठाला जागणें’ या प्रयोगाची येथें सहज आठवण होते. ख्रिस्ती मॅरोनाइट, ऑर्थोडॉक्स, द्रूझ, शिया, सुन्नी, अशा अनेक पंथांचे लोक ज्या डोंगरांत शेजारीं शेजारीं राहिले आणि प्रसंगीं एकमेकांविरुद्ध शस्त्र घेऊन उठले, तेथें या कराराचें मोल किती असेल हें सांगावयास नको. पाहुणा जेवूं लागला, कीं यजमान ‘सहतैन’ म्हणतो. या शब्दाचा अर्थ ‘दुप्पट आरोग्य’. जमिनीवर पडलेला भाकरीचा तुकडा उचलून, ओठांस लावून, कोणाचा पाय लागणार नाहीं अशा उंच जागीं ठेवण्याची चालहि तेथें जुनी आहे.

असें औदार्य राखणाऱ्या घरांत अन्न कितीसें होतें? लेबनॉन हा डोंगरी मुलूख. समुद्राकांठची चिंचोळी पट्टी, तिच्या पाठीशीं हिंवाळ्यांत बर्फानें झांकणारी पर्वतांची ओळ, मग बकाअचें उंच व सपाट खोरें, आणि त्यापलीकडे पर्वतांची दुसरी ओळ. उतारावर दगडी ताली घालून शेतकऱ्यांनीं पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें केलीं. त्यांत द्राक्षें, अंजीर व ऑलिव्ह पिकत. परंतु धान्य डोंगरास वर्षभर पुरेल इतकें होत नसे. तें बकाअच्या खोऱ्यांतून, किंवा त्याहिपलीकडील हौरानच्या मैदानांतून यावें लागे, आणि हिंवाळ्यांत वाटा बुजत. म्हणून तेथील गृहिणीचें सर्व कौशल्य एकाच कार्यांत एकवटलें होतें, तें म्हणजे वर्षाची बेगमी. तिला तेथें ‘मूने’ म्हणतात.

गहू उकडावयाचे, धाब्यावर वाळवावयाचे आणि भरडावयाचे, म्हणजे ‘बुरघूल’ तयार होई. बुरघूल दह्यांत अनेक दिवस आंबवून, उन्हांत वाळवून व हातांवर चोळून जी पूड होई ती ‘किश्क’. हिंवाळ्यांतल्या सकाळीं तिची ऊन ऊन पेज करीत. जाड शेपटीचा मेंढा उन्हाळाभर तुतीच्या पानांचे घांस हातानें भरवून लठ्ठ करावयाचा आणि थंडीच्या आरंभीं त्याचें मांस मीठ घालून त्याच्याच चरबींत शिजवून मातीच्या बरण्यांत भरावयाचें, याचें नांव ‘आवर्मा’. अंजिरें, द्राक्षें, जर्दाळू यांचा ‘मुरब्बा’ होई. मराठी घरांतला मुरंबा त्याच शब्दाचा वंशज आहे. उलट्या ठेवलेल्या कढईसारख्या लोखंडी ‘साज’वर मांड्यासारखी पातळ भाकर भाजीत. सणावारीं मांस दगडी उखळींत लांकडी मुसळानें कुटून, बुरघूल घालून ‘किब्बे’ करीत. या पदार्थास मांस थोडें पुरतें आणि माणसें पुष्कळ जेवतात, हेंहि त्याच्या लोकप्रियतेचें एक कारण होय.

शाकाहारी प्रवाशास तेथें उपाशी राहावें लागत नाहीं, याचें श्रेयहि जुन्या आचारास आहे. ईस्टरपूर्वींच्या दीर्घ उपवासकाळांत ख्रिस्ती घरांत मांस वर्ज्य असे, आणि कडक उपवास करणारे दूधदुभतेंहि टाळीत. म्हणून भाज्या व कडधान्यें ऑलिव्हच्या तेलांत शिजविण्याचे अनेक प्रकार तेथें सिद्ध झाले. मसूर व तांदूळ, किंवा मसूर व बुरघूल एकत्र शिजवून वर तळलेला कांदा घातलेली ‘मुजद्दरा’ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. १२२६ सालच्या अल-बगदादीच्या पाकग्रंथांत मुजद्दरेची कृति आढळते. आपल्याकडील खिचडीची ती बहीण शोभेल. परंतु ती गरिबाचें अन्न म्हणून गणली गेल्यामुळें उपाहारगृहाच्या मेजावर तिला दीर्घकाळ मानाचें स्थान मिळालें नाहीं.

हें उपाहारगृह आलें तें रस्त्याबरोबर. १८६० सालच्या भीषण यादवीनंतर १८६१ मध्यें लेबनॉनच्या डोंगरास तुर्की साम्राज्यांतर्गत स्वतंत्र कारभार मिळाला. १८६३ सालीं बैरूत ते दमास्कस हा गाडीरस्ता एका फ्रेंच कंपनीनें पूर्ण केला, आणि जो प्रवास खेंचरांवरून करावयास कित्येक दिवस लागत तो घोडागाडीनें एका दिवसांत होऊं लागला. १८७४ मध्यें बालबेकच्या रोमन मंदिरांच्या समोर पाल्मायरा नांवाचें हॉटेल निघालें. १८९५ सालीं आगगाडी दातेरी रुळांच्या साह्यानें पर्वत ओलांडून दमास्कसला पोंचली. वाटेवर बकाअच्या कडेस झाहले हें गांव आहे. तेथें बर्दौनी नांवाची लहानशी नदी डोंगरांतून खळाळत उतरते. भोंवतालीं द्राक्षांचे मळे. जवळच क्सारा येथें जेझुइट पाद्र्यांनीं १८५७ पासून मद्य करण्यास प्रारंभ केला होता. द्राक्षांपासून गाळलेला व बडिशेपेसारख्या स्वादाचा ‘अरक’ हें तेथील मुख्य पेय. या शब्दाचा मूळ अर्थ घाम. भट्टीच्या नळींतून थेंब थेंब ठिबकतें म्हणून तें नांव, आणि मराठींतील ‘अर्क’ तोच. पाणी घालतांच तो दुधासारखा पांढरा होतो.

अरक घाईनें प्यावयाचा नसतो, आणि रिकाम्या पोटीं तर नाहींच. म्हणून झाहलेच्या नदीकांठीं झाडांच्या सावलींत जीं बैठकीचीं ठिकाणें निघालीं, तेथें पेल्याबरोबर खाण्यासाठीं काकडी, ऑलिव्ह, चक्का, भाजलेले दाणे अशा बशा ठेवूं लागले. हवापालटास येणाऱ्यांची संख्या वाढली तशा बशाहि वाढल्या. घरच्या बेगमींतले पदार्थ आणि सणाचीं पक्वान्नें लहान लहान वांट्यांनीं एकाच वेळीं मांडली जाऊं लागलीं. एका घरीं जें वर्षभरांत क्रमाक्रमानें शिजे, तें एका दुपारीं एका मेजावर दिसूं लागलें. आज ज्यास लेबनॉनचें पारंपरिक जेवण म्हणून जग ओळखतें, त्याची ही मांडणी अशी अलीकडील आहे. पदार्थ जुने, मांडणी नवी. घरच्या आतिथ्याचें रूप धंद्यानें उचललें, आणि रूपाबरोबर आग्रहहि उचलला.

परंतु याच काळांत डोंगराच्या पायाखालची जमीन पोकळ होत चालली होती. फ्रान्समधील लियाँच्या गिरण्यांस रेशीम हवें होतें. रेशमाचा पैसा रोख मिळे, म्हणून शेतकऱ्यानें ताली ताली तुतीच्या झाडांनीं भरल्या, आणि भाकरीसाठीं तो पूर्वींपेक्षांहि अधिक बाहेरच्या गव्हावर अवलंबून राहिला. कुटुंबांतील तरुण माणसें अमेरिकेस जात आणि तेथून पैसे पाठवीत. रेशमाचा पैसा आणि परदेशचा पैसा या दोन दोरांवर ही सुबत्ता लोंबत होती.

१९१४ च्या अखेरीस तुर्कस्तान महायुद्धांत पडलें आणि दोन्ही दोर एकदम तुटले. दोस्त राष्ट्रांच्या आरमारानें किनाऱ्याची कोंडी केली. १९१५ च्या वसंत ऋतूंत टोळधाड आली आणि तिनें हिरवें म्हणून कांहीं ठेवलें नाहीं. तुर्की लष्करानें धान्य व जनावरें सक्तीनें उचललीं, आगगाड्या सैन्याच्या कामीं लागल्या, आणि सांठेबाजांनीं उरलेला गहू दडवून भाव चढविले. दोष कोणाचा किती, याविषयीं इतिहासकारांत आजहि वाद आहे, परिणामाविषयीं नाहीं. १९१८ पर्यंत भूक व तिच्या मागोमाग आलेला ज्वर यांनीं लेबनॉनच्या डोंगरांतील सुमारें चार लाख लोकवस्तीपैकीं निदान एक तृतीयांश माणसें नेलीं. कित्येकांच्या मतें तर निम्मीं. तुतीच्या पानांवर रेशमाचा किडा जगतो, मेंढाहि पोसतो. माणूस मात्र जगत नाहीं. न्यूयॉर्कमध्यें राहणारा खलील जिब्रान त्या वेळीं मदतसमितीचा चिटणीस होता, आणि मायदेशांतील या मृत्यूंवर त्यानें १९१६ मध्यें काव्य लिहिलें. ८ ऑक्टोबर १९१८ रोजीं बैरूतमध्यें ब्रिटिश बाजूचें जें सैन्य प्रथम शिरलें, तें हिंदी फौजेची सातवी म्हणजे मीरत डिव्हिजन होय. हिंदुस्थानांतील शेतकऱ्यांचीं मुलें त्या उपाशी शहरांतून चालत गेलीं, ही घटना हिंदी इतिहासांत फारशी नोंदली जात नाहीं.

या दुष्काळानें देशाचा नकाशाहि बदलला. १ सप्टेंबर १९२० रोजीं फ्रेंचांनीं ‘विशाल लेबनॉन’ जाहीर केला, तेव्हां डोंगरास बंदरें व बकाअचें खोरें जोडण्यांत आलें. गव्हाच्या शेतांवांचून डोंगर जगूं शकत नाहीं, हा युक्तिवाद त्यामागें होता, आणि नुकत्याच खणलेल्या थडग्यांनीं त्यास बळ दिलें होतें. तौफीक यूसुफ अव्वाद या लेखकानें १९३९ सालीं त्या दिवसांवर कादंबरी लिहिली. तिचें नांव ‘अर-रगीफ’, म्हणजे ‘भाकर’.

हें सर्व जाणून घेतलें, कीं भरल्या मेजाचा अर्थ बदलतो. प्रवाशास तेथें एक गोष्ट चमत्कारिक वाटते: जेवणारांस संपविणें शक्य नाहीं इतकें अन्न मांडलेलें असतें, आणि तें देण्याचा खर्च आपणच करावा म्हणून मेजाभोंवतीं खरोखरीचें भांडण होतें. हा उधळेपणा आहे असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु ज्या घरांतल्या आजीनें भाकरीच्या तुकड्यासाठीं माणसें मरतांना पाहिलीं, त्या घरानें मेजावर रिकामी जागा दिसूं न देण्याचा बाणा धरिला असेल, तर त्यास केवळ दिमाख म्हणतां येणार नाहीं. प्रवाशानें तेथें बेतानें खावें, पण सर्व बशांची चव घ्यावी. पहिल्या थंड बशांनीं पोट भरूं नये, कारण ऊन पदार्थ, भाजलेलें मांस आणि शेवटीं फळें यावयाचीं असतात. आणि ‘सहतैन’ हा शब्द ऐकूं आला, तर तो आशीर्वाद आहे हें ओळखावें.

१९४३ सालीं लेबनॉन स्वतंत्र झाला. १९७५ ते १९९० या यादवीनें शहरें उद्ध्वस्त केलीं आणि लक्षावधि लोक देशोधडीस लागले. २००४ सालीं कमाल मुझव्वक यांनीं बैरूतमध्यें ‘सूक अत्-तय्यिब’ नांवाचा शेतकऱ्यांचा बाजार सुरू केला. ज्यांच्या गांवांनीं एकमेकांवर शस्त्रें रोखलीं होतीं, ते येथें शेजारीं शेजारीं आपली बेगमी विकूं लागले. २००९ मध्यें त्यांनींच ‘तावलेत’ म्हणजे ‘मेज’ या नांवाचें उपाहारगृह काढलें. तेथें ठराविक आचारी नसून खेड्यापाड्यांतील गृहिणी आळीपाळीनें आपापल्या गांवचें जेवण रांधीत. किश्क व मुजद्दरा हे बेगमीचे पदार्थ अशा रीतीनें शहरी पाहुण्यापुढें मानानें आले. २०१३ सालीं झाहले नगरीस युनेस्कोनें पाककलेची सर्जनशील नगरी म्हणून गौरविलें, आणि २०२३ सालीं ‘झातर’ या वनस्पतीची पूड व तेल लावून भाजलेली ‘मनूशे’ ही सकाळची भाकर त्याच संस्थेच्या वारसायादींत दाखल झाली.

मध्यंतरीं पुन्हां एकदां संकट ओढवलें. २०१९ पासून देशाचें चलन कोसळलें. ४ ऑगस्ट २०२० रोजीं बैरूत बंदरांत प्रचंड स्फोट झाला, आणि सुमारें १,२०,००० टन धान्य मावेल एवढें देशाचें सर्वांत मोठें कोठार त्यांत नष्ट झालें. त्याच्या जाड भिंतींनीं शहराच्या एका भागास आडोसा दिला, असें जाणकार सांगतात. परंतु बहुतांश गहू समुद्रमार्गें आणणाऱ्या देशास पुन्हां १९१५ ची आठवण झाली. त्या दिवसांत तावलेतच्या मंडळींनीं पैसे घेऊन जेवूं घालण्याचें काम बाजूस ठेवलें, आणि ‘मतबख अल-कुल्ल’, म्हणजे ‘सर्वांचें स्वयंपाकघर’, उघडून घरें गमावलेल्यांस विनामूल्य अन्न पोंचविण्यास आरंभ केला.

म्हणून लेबनॉनच्या उपाहारगृहांत बसणारा प्रवासी जें विकत घेतो तें अन्नाचा एक भाग आहे. दुसरा भाग विकत मिळणारा नाहीं. खानांत चटई होती, पण भाकर नव्हती. घरांत भाकर थोडी होती, पण ती देण्याची चाल होती. धंदा पुढें आला, आणि त्यानें त्या चालीचा वेष धारण केला. तो वेष पोकळ नव्हता, हें २०२० च्या त्या स्वयंपाकघरानें सिद्ध केलें.